आठ सेकंद हलायचं नाही

माणसाला आठ सेकंद हलू न देणं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी लग्नातल्या मामाला आठ सेकंद एका जागी उभं करून दाखवावं.

संपादकबाईंनी अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हटलं. असं लिहिणारी माणसं निवृत्त असतात. त्यांच्याकडे जंगलखात्याचे नाहीतर टपालखात्याचे चाळीस वर्षांचे किस्से असतात. मी अजून बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं तेच काम करतेस ना? मग लिही." म्हणून लिहिते आहे. गावाचं आणि कॉलेजचं नाव मात्र लिहिणार नाही. अजून एक वर्ष तिथेच काढायचं आहे.

तालुक्याच्या गावी बस स्टँडसमोर बंडूभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. मी सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली. इथे खोली करून राहते, सकाळी कॉलेज आणि दुपारी स्टुडिओ. पूर्वी बंडूभाऊंकडे लग्नाचे अल्बम असायचे. मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला आणि बंडूभाऊंकडे आधारकार्डाचं लॅमिनेशन तेवढं उरलं. तेव्हा ते नागपूरला गेले आणि एक दांडी, एक मोटर आणि दोन दिवसांचं ज्ञान घेऊन परतले. दुकानावर नवी पाटी लागली : 'बिनचष्म्याचा थ्री-डी फोटो. माणूस जिवंत वाटेल.' पाटी वाचून पहिल्याच आठवड्यात एक जण दारातूनच ओरडून गेला, "काऊन गा बंडूभाऊ, आतापावतर काय मेलेले काढत होता का?"

हा फोटो म्हणजे काय ते आधी सांगते. साध्या फोटोत माणूस कागदाला चिकटलेला असतो. आमच्या फोटोत तो कागदाच्या आत उभा दिसतो, आणि त्यासाठी लाल-निळा चष्मा लावावा लागत नाही. यात जादू काही नाही. आपले दोन डोळे एकाच वस्तूकडे दोन जागांवरून पाहतात, म्हणून आपल्याला खोली कळते. आम्ही कॅमेरा दांडीवर बसवतो. मोटर सुरू केली की तो आठ सेकंदांत डावीकडून उजवीकडे हात-दीड हात सरकतो आणि सरकता सरकता साठेक फोटो काढतो. कॉम्प्युटर त्या प्रत्येक फोटोच्या केसाएवढ्या उभ्या पट्ट्या कापतो आणि शेजारी शेजारी रचतो. मग त्या छापलेल्या कागदावर एक पारदर्शक शीट चिकटवायची. शीटवरून नख फिरवलं तर कर्रकर्र वाजतं, कारण तिच्यावर बारीक उभ्या धारा असतात. प्रत्येक धार डाव्या डोळ्याला एक पट्टी दाखवते, उजव्या डोळ्याला दुसरी. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावरून बसने जाताना बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, धानाच्या सरळ ओळी कशा एकामागून एक उघडतात आणि मिटतात, साधारण तसं. आमच्या गावच्या धानात ते दिसत नाही, कारण आमच्या बाया रोवणी करताना ओळीपेक्षा गप्पा सरळ ठेवतात.

शीट केसभर वाकडी चिकटली तर माणसाला दोन नाकं येतात. पण ती चूक आमची, ती सुधारता येते. अवघड भाग समोर बसलेल्या माणसाचा असतो. कॅमेरा सरकत असतो आणि माणसाने त्याच्याकडे पाहायचं नसतं. डोळे एका जागी, मान एका जागी. आमच्याकडे हे कोणालाच जमत नाही. आपल्याकडे पाहत कोणी समोरून चाललं तर आपणही त्याच्याकडे पाहत राहायचं, अशी आमची रीत. नाही पाहिलं तर गावभर होतं, 'फलाण्याची पोट्टी शिकली तं आता वळखत नाई.' त्यामुळे कॅमेरा निघाला की मान निघाली.

मान कॅमेऱ्याबरोबर वळली की साठही फोटोंत तोंड समोरूनच येतं. मग खुर्ची खोल दिसते, फुलदाणी खोल दिसते आणि माणूस मात्र पापडासारखा सपाट. कॅमेऱ्यापेक्षाही जास्त वळली तर आणखी वाईट. तोंड उलटं आत जातं, मातीच्या गणपतीचा साचा आतून पाहावा तसं.

यावर मी एक उपाय शोधला. गिऱ्हाईक दुकानात शिरताना चपला दाराशी काढतं. मी म्हणायचे, "काकू, कॅमेऱ्याकडे पाहू नका, आपल्या चपलेकडे पाहा. कालच इथून एकाची गेली." आठ सेकंद काय, काकू आठ मिनिटं पापणी हलवत नसत. आमच्या दुकानात निघालेल्या निम्म्या फोटोंत लोकांच्या चेहऱ्यावर जे गंभीर, भारदस्त भाव आहेत ते चपलेच्या काळजीचे आहेत.

एकदा एक शेतकरी पोळ्यासाठी सजवलेला बैल घेऊन आला. दुकानामागच्या पटांगणात दोघांना उभं केलं. बैल आठ सेकंद दगडासारखा उभा राहिला. मालक कॅमेऱ्याबरोबर फिरला. फोटोत बैलाची शिंगं हातभर बाहेर आली आणि मालक मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखा दिसला. मी माफी मागून पुन्हा काढू म्हटलं. तो फोटो डोळ्यांजवळ नेत म्हणाला, "कायले? बैल बराबर आला ना? बस. माहं तोंड घरच्यायनं पायलं हाये." इतका समजूतदार माणूस मला या धंद्यात पुन्हा भेटला नाही.

मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावातून एक गोंड आजी नातीसोबत आली होती. आठ सेकंद ती इतकी शांत बसली की बंडूभाऊ घाबरून तिच्याजवळ गेले. फोटो तयार झाल्यावर तिने तो पाहिला, मग उलटा करून पाहिला, मग पाठीवर बोटाने टकटक केलं.

"पुढून एवढं आत हाये, तं मांगून सपाट काऊन?" तिने विचारलं.

"ते नजरेचं काम हाय, आजी," बंडूभाऊ म्हणाले. "तसं खरं आत काईच नाई."

आजीने नातीकडे पाहिलं. "पाय वं, मानूस खरं बोलते. दुकानदार असून."

आता ज्या कामासाठी हे सगळं सांगितलं त्याकडे येते.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी कॉलेजच्या फलकावर यादी लागली. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. एकोणीस नावं होती. माझं अकरावं. स्टुडिओतून सकाळची लग्नाची कामं निघाली की माझे तास बुडायचे, हे मला कबूल आहे. माझ्या वरच्याच ओळीत संगीताचं नाव होतं. संगीता जिवतीच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी माझी मैत्रीण. आई आजारी म्हणून ती गावी गेली आणि पावसात रस्ता बंद झाला, त्यात तिचे तास गेले. तिची हजेरी माझ्यापेक्षा जास्त होती. तरी पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. बाबा एकदाच माझ्या कॉलेजात आले होते, प्रवेशाच्या वेळी. कार्यालयात शिरण्याआधी त्यांनी बाहेर चपला काढल्या. आतले बाबू बूट घालून बसले होते. वर्ष वाया गेलं तर बाबा मला काही बोलले नसते. त्यांनी एवढंच धरून चाललं असतं की आपल्या लोकांना हे जमत नसतं. मला तेच नको होतं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. मला वाटलं यादीसाठी. सर म्हणाले, "तू त्या थ्री-डी फोटोच्या दुकानात असतेस ना?"

कारण असं होतं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त कॉलेजच्या सभागृहात त्यांच्या फोटोचं अनावरण त्यांच्याच हस्ते व्हायचं होतं. सभागृहात भाऊसाहेबांचे चार फोटो आधीच आहेत. पाचवा वेगळा हवा, असं समितीत ठरलं.

"फोटो उत्तम झाला पाहिजे," सर म्हणाले. मग टेबलावरची यादी किंचित माझ्याकडे सरकवली. "बाकीचं नंतर पाहू."

सर स्पष्ट काही बोलले नाहीत. पण मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. एवढा निष्कर्ष मला काढता आला.

आम्ही सामान घेऊन भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. भाऊसाहेब कडक इस्त्रीचे कपडे घालून, उपरणं घेऊन, मानचिन्हांच्या कपाटापुढे मोठ्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना अदबीने समजावलं की कॅमेरा सरकेल, पण आपण सरकायचं नाही.

"पोरी, मी चाळीस वर्षं फोटो काढून घेऊन राह्यलो," भाऊसाहेब म्हणाले. "मले नको शिकवू."

मोटर सुरू झाली. कॅमेरा निघाला. भाऊसाहेबही निघाले. आधी डोळे, मग मान, मग खांदे. कॅमेरा दांडीच्या मध्यावर होता तेव्हा भाऊसाहेब शेवटच्या टोकाला पोचून त्याची वाट पाहत होते. दुसऱ्यांदा काढला. तेच. तिसऱ्यांदा मी चपलेचा उपाय करून पाहिला, पण त्यांच्या चपला सांभाळायला दारात दोन माणसं उभी होती, त्यामुळे त्यांना काळजी नव्हती. मी म्हटलं, खिडकीकडे पाहा. खिडकीत कॅमेरा नव्हता. भाऊसाहेबांनी दोन सेकंद पाहिलं आणि परत आले.

"साहेब, तुमी हालून राह्यले," बंडूभाऊ शेवटी धीर करून म्हणाले.

"मी? मी कुठी हाललो?" त्यांनी मागे उभ्या असलेल्या माणसांना विचारलं. "काऊन रे, हाललो का मी?"

"नाई, साहेब," चौघे एका सुरात म्हणाले. "कॅमेराच हालला."

दुकानात येऊन आम्ही वहीच्या पानाएवढा नमुना छापला. मी शीट चिकटवली आणि नमुना उजेडात धरला. मागच्या कपाटातली मानचिन्हं एकेक मोजता येत होती. खुर्चीचे हात पुढे आले होते. आणि मधोमध, उपरण्याच्या वर, भाऊसाहेबांचं तोंड आत गेलं होतं. नाकाच्या जागी खळगा. बाकीच्या वस्तू जिवंत आणि हे साच्याच्या आतल्या बाजूसारखे. शिवाय मी फोटो घेऊन डावीकडे सरकले तर ते डावीकडे वळले. उजवीकडे सरकले तर उजवीकडे. कारण साठही फोटोंत ते कॅमेऱ्याच्या मागे फिरले होते. आता पाहणाऱ्याच्या मागे फिरत होते.

बंडूभाऊंनी नमुना माझ्या हातातून घेऊन पाहिला. "तुह्या परीक्षेचं गेलं बहुतेक," ते म्हणाले.

दोन दिवस मी विचार केला. माणूस ज्याची काळजी करतो त्याच्याकडे तो एकटक पाहतो, हा माझा अनुभव. कोणाला चपलेची काळजी, कोणाला बैलाची. भाऊसाहेबांना कॅमेऱ्याची. तेव्हा त्यांना पाहायला कॅमेराच द्यायचा, पण न हलणारा. बंडूभाऊंच्या माळ्यावर लग्नाच्या जमान्यातला एक बंद पडलेला मोठा कॅमेरा होता. आतलं सगळं गेलं होतं, पण दिसायला भारी, आणि फ्लॅश अजून उडायचा. पुन्हा बंगल्यावर जाऊन तो आम्ही तिकाटण्यावर मधोमध ठेवला. खरा कॅमेरा त्याच्या वरच्या बाजूला काळ्या कापडाआड दांडीवर लपवला, कापडाला फक्त फट ठेवली.

"हा दिल्लीचा हाये, साहेब," बंडूभाऊंनी बंद कॅमेऱ्याकडे हात करून सांगितलं. "याच्यात नजर हालली की फिलम जळते."

भाऊसाहेबांनी त्या मेलेल्या कॅमेऱ्यात असे डोळे रोवले की मला जरा वाईटच वाटलं. वर खरा कॅमेरा सरकत गेला. आठ सेकंद. एक फ्लॅश. झालं.

तो फोटो मी आजवर केलेल्या कामांत सगळ्यात चांगला होता, हे मी गर्व म्हणून लिहीत नाही. गालाची हाडं, कानाची पाळी, भुवईवरची जुनी खोक, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, सगळं आपापल्या जागी. कागदातून पोट पुढे आलेलं, इतकं की हात लावून पाहावंसं वाटे. भाऊसाहेब एखाद्या थकलेल्या, हुशार, जरा भित्र्या म्हाताऱ्यासारखे दिसत होते. मला वाटतं ते तसेच असावेत.

समितीपुढे फोटो दाखवायचा दिवस आला. प्राचार्य, भाऊसाहेब आणि समितीचे पाच-सहा जण बसले होते. बंडूभाऊंनी पिशवीतून चांगला नमुना काढून दिला. भाऊसाहेबांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

"हे कोन हाये?" त्यांनी विचारलं.

समितीतल्या दोघांनी पुढ्यातला चहा उचलला.

"मी असा दिसतो का?" त्यांनी प्राचार्यांना विचारलं. ते सगळ्यात जवळ बसले होते, हा त्यांचा दोष.

"नाही, भाऊसाहेब. मुळीच नाही," सर म्हणाले.

"पोट पाय. हे माहं पोट हाये का?"

"कॅमेऱ्याचा दोष असावा."

तेवढ्यात बंडूभाऊंची पिशवी टेबलावरून कलंडली. फोटो वाकू नये म्हणून त्यांनी चांगल्या नमुन्याच्या खाली आधार म्हणून बिघडलेला नमुना घातला होता, आणि तो बाहेर घसरला. समितीतल्या एकाने उचलला, पाहिला, खुर्चीत डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि ओरडला, "अरे बापा! भाऊसाहेब माह्याकडेच पाहून राह्यले!"

मग सगळे उठले. फोटो टेबलावर उभा केला आणि समितीचे सदस्य रांगेने त्याच्यासमोरून इकडून तिकडे चालू लागले. "माह्याकडे पाह्यते!" "नाई गा, माह्याकडे!" प्राचार्य तीनदा चालले, तिसऱ्यांदा हात जोडून.

शेवटी भाऊसाहेब स्वतः चालले. आपणच आपल्याकडे वळून पाहतो आहोत हे पाहून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "हा मी हाये," ते म्हणाले. "हाच मोठा करा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बिघडलेलं काम चांगलं म्हणून देणं मला जमत नाही. मी उभी राहिले आणि चाचरत म्हणाले, "भाऊसाहेब, तो चुकलेला आहे. त्यात... त्यात तुमचं तोंड आत गेलं आहे."

बंडूभाऊंनी माझ्या पायावर पाय दिला. मी पुढे सांगत राहिले, कारण अर्धं सांगून थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. "तुम्ही कॅमेऱ्याबरोबर फिरलात ना, म्हणून. नीट पाहिलं तर कळेल. त्यात खुर्चीला खोली आहे, कपाटाला आहे. फक्त तुम्हाला नाही."

प्राचार्यांचे डोळे माझ्यावरून यादीवर गेले असावेत असं मला वाटलं, जरी यादी तिथे नव्हती.

भाऊसाहेब हसले. रागावले असते तर बरं, असं ते हसणं होतं. "पोरी, कॅमेरा जिकडे गेला तिकडे मी चाळीस वर्षं फिरलो," ते म्हणाले. "म्हनून या खुर्चीत हाओ. जे फिरले नाई ते पाय कुठी हायेत. त्यायचा तं साधा फोटोई नाई." मग प्राचार्यांना म्हणाले, "पोट्टी हुशार हाये. खरं बोलते. वय झालं की जाईल."

सगळे हसले. सरही हसले, आणि बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "तुझं नाव काढतो."

मी आनंदाने घरी फोन केला. बाबांना म्हटलं, परीक्षेचं झालं. ते म्हणाले, "कसं झालं?" मी म्हटलं, कामावरून झालं. ते म्हणाले, "कामावरून झालं तं चांगलंच."

मोठा फोटो आम्ही बिघडलेल्या साठ फोटोंतूनच केला. दारापेक्षा थोडा लहान. नागपूरहून खास शीट आणली. एवढी मोठी शीट मी कधी चिकटवली नव्हती, पण केसभरही हलली नाही. चुकीचं काम इतक्या अचूकपणे मी पुन्हा करेन असं वाटत नाही. अनावरणाच्या आदल्या दिवशी तो कॉलेजात पोचवला आणि दुपारी सरांचा निरोप आला : ताबडतोब ये.

सभागृहात गेले तर शिपायांनी फोटो पार छताला लावला होता. आमच्याकडे आदराची उंची ठरलेली असते. जितका माणूस मोठा तितका खिळा वर. पूर्वीचे चार फोटो तसेच आहेत आणि पाचवा त्यांच्याही वर. पण हा फोटो डोळ्यांच्या रेषेत, ठरावीक अंतरावर लागतो. इतक्या वर, आणि वरून ट्यूबलाइटचा उजेड, त्यामुळे समोरून पाहिलं तर पांढरा पत्रा दिसत होता. डाव्या खुर्च्यांवरून पाहिलं तर भाऊसाहेबांना दोन नाकं होती. उजवीकडून तीन डोळे.

"उद्या पाहुणे येणार आहेत," सर म्हणाले. "काहीतरी कर."

"खाली घ्यावा लागेल, सर. माणसाच्या उंचीवर."

"भाऊसाहेबांना माणसाच्या उंचीवर?"

"नाहीतर दोन नाकं राहतील."

सरांनी डोळे मिटले. "घे खाली."

"धरायला एक जण लागेल, सर."

"शिपाई आहेत की."

"शिपायांनीच लावलाय, सर."

मी इकडेतिकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला अडवत होते. "संगीता येईल. ती माझ्यासोबत स्टुडिओत एक-दोनदा आली आहे, तिला धरता येतं. पण ती सामान बांधून गावी जाऊन राह्यली. तिचं नाव यादीत आहे."

"मग थांबव तिला."

"परीक्षेला बसता येत नसेल तर ती थांबून काय करेल, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर भाऊसाहेबांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "बरं. तिचंही काढतो."

तेव्हा मला कुठून धीर आला माहीत नाही. मी विचारलं, "आणि बाकीचे, सर? सतरा जण आहेत."

सर थकलेल्या आवाजात म्हणाले, "फोटो लावायला किती माणसं लागतात?"

"दोन, सर."

"मग?"

मी मान खाली घातली आणि संगीताला आणायला धावले. ती बस स्टँडवर पिशवी घेऊन बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्या मायच्या आजारापेक्षा त्याह्यचा खिळा मोठा." पण आली. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत फोटो खाली घेतला, किंचित पुढे झुकवला, वरची ट्यूबलाइट बंद करून बाजूचे दिवे लावले. दुसऱ्या दिवशी अनावरण झालं. पाहुण्यांनी भाऊसाहेबांच्या दूरदृष्टीवर भाषणं केली, आणि सगळं सभागृह खुर्च्यांत डावीकडे-उजवीकडे झुकून खात्री करून घेत राहिलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी आणि संगीता फाटकातून आत जात होतो. यादीतली काही पोरं-पोरी समोरच्या चहाच्या टपरीवर उभी होती. घरी सांगितलं नसावं, म्हणून रोजच्यासारखी आली असतील. आमच्या वर्गातला प्रवीण तिकडून ओरडला, "काऊन वं, अजून एखादा फोटो नाई लागत का संस्थेले?" बाकीचे हसले. आम्ही दोघी खाली पाहून आत गेलो.

मी पास झाले. संगीताही. स्टुडिओत काम वाढलं. आता आजूबाजूच्या तालुक्यांतले लोक येतात आणि म्हणतात, आमचा असा काढा की पाहणाऱ्याच्या मागे फिरेल. त्यांना मी दांडीवरच्या सरकत्या कॅमेऱ्याकडे पाहायला सांगते. चपलेचं काही बोलत नाही.

पण सरांचा तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. मी दोन म्हटलं, कारण दोनच लागतात, आणि विचारलं की खरं सांगायचं एवढंच मला येत होतं. आता शांतपणे मोजते तेव्हा वाटतं की इतका मोठा फोटो नीट लावायचा तर शिडीवर एक हवा. शिडी धरायला दोघं. फ्रेम उचलायला दोघं. फ्रेम सरळ आहे का हे दोरी लावून पाहायला एक. दिव्यांच्या बटणापाशी एक. डाव्या खुर्च्यांवर बसून नाकं मोजायला चौघं, उजव्या खुर्च्यांवर डोळे मोजायला चौघं, आणि मागच्या रांगेत चौघं, तिथून माणूस माणसासारखा दिसतो का ते सांगायला. एकोणीस होतात. एकही जास्तीचा नाही.